डी व्हिटॅमिनचं सॅशे आणि किडनी : शुगर बॉर्डरवर असलेल्यांनी आधी काय करायचं

डी व्हिटॅमिनचं सॅशे म्हणजे किडनीचं औषध नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली काउंटरवर याच समजुतीने येणारे लोक फार वाढलेत. शुगर बॉर्डरवर आहे, पोट सुटलंय, डॉक्टरनी इन्सुलिन रेझिस्टन्स (म्हणजे अंगात इन्सुलिन असून त्याचा नीट असर होत नाही) म्हणून सांगितलंय, आणि कुणाकडून तरी ऐकलेलं असतं की डी कमी असलं की इन्सुलिन काम करत नाही आणि मग किडनी जाते, त्यामुळं चिठ्ठी नसताना "अक्का, ते साठ हजारवालं पाकीट द्या की चार" असं सरळ मागतात. मी बेळगावात शहापूर भागात मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. आमच्याकडं वडगाव-येळ्ळूरचे लोक येतात, खानापूरकडनं बाजाराला आलेले येतात, निपाणी-चिकोडीहून मोठ्या हॉस्पिटलला दाखवायला आलेले परत जाताना औषधं घेऊन जातात. त्या सगळ्यांना काउंटरवर दोन मिनिटांत सांगता येत नाही ते इथं सविस्तर लिहिते.

आधी संबंध काय आहे तो समजून घ्या, कारण संबंध आहे, खोटा नाही. कातडीवर ऊन पडलं की डी तयार होतं, ते लिव्हरमध्ये जाऊन थोडं बदलतं (रक्तात आपण मोजतो ते हेच, रिपोर्टवर २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी असं लिहिलेलं असतं), आणि मग किडनीत त्याचं शेवटचं रूप बनतं, जे खऱ्या अर्थाने काम करतं, आतड्यातनं कॅल्शियम ओढून घेतं वगैरे. म्हणजे किडनी बिघडली की डी चं काम बिघडतं हे पक्कं. किडनीतनं प्रोटीन गळायला लागलं तर त्याच्याबरोबर डी पण लघवीतनं बाहेर जातं, कारण डी रक्तात एका प्रोटीनला चिकटूनच फिरत असतं. पण लोक हे उलटं करून धरतात, डी भरलं की किडनी सुधारणार असं, आणि ते काही सिद्ध झालेलं नाही.

इन्सुलिनचंही तसंच. डी चरबीत मुरतं. वजन जास्त असेल, विशेषतः पोटावर, तर डी तिकडं पसरतं आणि रक्तात लेव्हल कमी दिसते. ज्याला इन्सुलिन रेझिस्टन्स आहे त्याचं डी कमी निघणार हे त्यामुळं फार वेळा होतं, पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळं दुसरी झाली असं होत नाही ना.

हे तपासून बघितलेलं आहे, नुसतं माझं मत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलचा निकाल आला, प्रीडायबेटिसवाले, म्हणजे शुगर बॉर्डरवर असलेले, २,४२३ लोक, अर्ध्यांना रोज ४,००० युनिट डी दिलं, अर्ध्यांना नुसती रिकामी गोळी, अडीच वर्षं बघितलं. डी वाल्यांमध्ये शंभरातल्या साधारण २४ जणांना डायबेटिस झाला, रिकाम्या गोळीवाल्यांमध्ये जवळजवळ २७ जणांना. फरक इतका लहान की तो योगायोगानेही येऊ शकतो. नंतर २०२३ मध्ये अशा तीन ट्रायल एकत्र करून बघितल्या तेव्हा धोका साधारण १५ टक्क्यांनी कमी दिसला, म्हणजे थोडा फायदा आहे म्हणायला जागा आहे, आणि म्हणूनच २०२४ च्या अमेरिकन एंडोक्राइन सोसायटीच्या गाइडलाइनमध्ये प्रीडायबेटिस असून पुढं डायबेटिस व्हायचा धोका जास्त असलेल्यांना डी द्यायला हरकत नाही असं आलंय. तुमच्या डॉक्टरनी रोजचा छोटा डोस लिहून दिला असेल तर घ्या, त्यात काही चूक नाही. पण त्याच्या शेजारी हे ठेवा : २००२ च्या अमेरिकेतल्याच अभ्यासात वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढं ध्येय दिलेल्या लोकांचा डायबेटिसचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. ७५ किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे सव्वापाच किलो. पाकीट फोडून दुधात घालण्यापेक्षा हे अवघड आहे, मान्य, पण खरा फायदा तिथं आहे.

किडनीसाठी तर वेगळीच ट्रायल झाली, तीपण २०१९ चीच. टाइप २ डायबेटिसवाले १,३१२ लोक, रोज २,००० युनिट, पाच वर्षं. किडनीचं काम दोन्हीकडं जवळजवळ सारख्याच वेगाने कमी होत गेलं. डी दिलं म्हणून किडनी वाचली असं काही दिसलं नाही.

मग सुरुवात कुठनं करायची

लघवीपासनं. मी ज्यांना ज्यांना सांगते त्यांना हे विचित्र वाटतं, कारण डी ची टेस्ट करायची तयारी असते, ती महाग असली तरी पॅकेजमध्ये येते म्हणून करतात, आणि लघवीची साधी टेस्ट राहून जाते. तिचं नाव एसीआर, म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो स्नायूंचा कचरा) यांचं प्रमाण. सहसा डी च्या टेस्टपेक्षा ती स्वस्तच पडते. लॅबमध्ये "युरिन एसीआर" किंवा "मायक्रोअल्ब्युमिन" म्हणून सांगा. साधी युरिन रुटीन म्हणून जी करतात त्यात पट्टी बुडवून बघतात, त्यात अगदी थोडं गळणारं प्रोटीन सापडत नाही, त्यामुळं "लघवी नॉर्मल आली" एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

का ते सांगते. किडनी म्हणजे चहाची गाळणी समजा. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये रक्तात इन्सुलिन जास्त असतं, त्यामुळं किडनी मीठ अंगात धरून ठेवते, बीपी चढतं, आणि गाळणीवर प्रेशर वाढतं. सुरुवातीला गाळणी उलट जास्तच जोरात काम करते, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन एकदम छान नॉर्मल येतं आणि लोक खुश होतात. पण त्या प्रेशरने जाळी सैल होऊन अल्ब्युमिन निसटायला लागलेलं असतं, आणि ते फक्त लघवीत दिसतं. क्रिएटिनिन वाढेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं, त्यातनं वयस्क, किरकोळ अंगाच्या बायकांमध्ये तर अंगात मांसच कमी असल्यामुळं क्रिएटिनिन आणखी उशिरा वाढतं.

सकाळची पहिली लघवी द्यायची. लॅबमधनं डबी आदल्या दिवशी आणून ठेवायची, नाहीतर तिथं जाऊन दुसरी-तिसरी लघवी दिली जाते. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, पाळी चालू असेल किंवा आदल्या दिवशी शेतात फार अंगमेहनतीचं काम झालं असेल तर थांबा, त्याने आकडा खोटा वाढून येतो. आकडा (मिलिग्रॅम पर ग्रॅममध्ये) ३० च्या खाली आला तर चांगलं. ३० ते ३०० म्हणजे गळायला लागलंय. ३०० च्या वर म्हणजे जास्त गळतंय, लगेच डॉक्टर. आणि एकदा ३० च्या वर आला म्हणून घाबरून जाऊ नका, तीन महिन्यांच्या पुढंमागं परत करून बघायची, तीनपैकी दोनदा वाढलेलं आलं तरच पक्कं धरतात.

याच्याबरोबर रक्तात क्रिएटिनिन करायचं, आणि लॅबवाल्याला ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) छापून द्या म्हणून सांगायचं. तो ६० च्या खाली आणि तीन महिन्यांनीही ६० च्या खालीच असेल तर किडनीचा आजार धरतात. मग बीपी, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट; ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासनं पुढं डायबेटिस), आणि कमरेचं माप. माप नाभीच्या जवळपास, श्वास सोडून, पँटच्या साइजवरनं नव्हे, कारण बरेच पुरुष पँट पोटाच्या खाली घालतात आणि साइज तीच म्हणून सांगतात. आपल्या भारतीय लोकांत पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेलं की पोटाची चरबी जास्त धरतात. मानेच्या मागं, काखेत कातडी काळी मखमलीसारखी जाड झाली असेल तर तेसुद्धा इन्सुलिन रेझिस्टन्सचं लक्षण आहे, घासून जात नाही, पोरींना त्यावरनं बोलणी खायला लागतात घरात, तसं करू नका, त्यांची शुगर तपासा.

तालुका हॉस्पिटल आणि सरकारी दवाखान्यात तिशीच्या पुढच्यांचं बीपी-शुगर फुकट तपासतात. आशा कार्यकर्ती घरी आली तर तिला विचारून घ्या कोणत्या वारी असतं.

डी ची टेस्ट आणि तिचा आकडा

सगळ्यांनी डी तपासायलाच पाहिजे असं नाही. हाडं-स्नायू दुखतात, पायऱ्या चढताना मांड्यांत जोर राहत नाही, वय झालंय, दिवसभर घरात किंवा दुकानात असता, पूर्ण अंग झाकून बाहेर पडता, किडनी आधीच कमी आहे, किंवा फिटची गोळी चालू आहे, अशांनी डॉक्टरला विचारून करावी. उगीच दर दोन महिन्यांनी करत बसू नका.

रिपोर्टवर आकड्याच्या शेजारी युनिट काय आहे ते आधी बघा. नॅनोग्रॅम पर एमएल असेल तर २० च्या खाली म्हणजे कमी, २० ते ३० मधल्याला कुणी कमी म्हणतं कुणी पुरेसं म्हणतं, बऱ्याच लॅबवाले ३० च्या खाली सगळंच ठळक अक्षरात छापतात आणि माणूस घाबरतो. २४-२५ आलं म्हणून लगेच मोठ्या डोसची गरज असतेच असं नाही. काही रिपोर्टवर नॅनोमोल पर लिटर असतं, तो आकडा अडीच पटीने मोठा दिसतो, म्हणजे तिथला ५० म्हणजे इथला २०. दोन लॅबचे दोन रिपोर्ट घेऊन "डी दुप्पट झालं की" म्हणून आनंदाने सांगणारे मी बघितलेत, झालेलं काहीच नसतं, युनिट बदललेलं असतं.

अंगदुखी आणि पेनकिलर, हे नीट वाचा

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात किडनीला सगळ्यात जास्त मार कुठं बसत असेल तर इथं. डी फार कमी असलं तर अंग, हाडं दुखू शकतात. मग माणूस काय करतो, डॉक्टरकडं जात नाही, मेडिकलमध्ये येतो आणि "ती लाल गोळी द्या, गेल्यावेळची" म्हणतो. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, यातली एखादी. ऊसतोडीच्या, भाताच्या सुगीच्या दिवसांत तर रोज संध्याकाळी एक गोळी खाऊन झोपणारे आहेत. या गोळ्या किडनीकडं जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. आधीच शुगर, त्यात बीपीची गोळी चालू, दिवसभर उन्हात राबून पाणी कमी प्यालेलं, आणि वर पेनकिलर, हे सगळं एकत्र आलं की किडनीला एकदम झटका बसू शकतो.

तर डी ची खरी मदत किडनीला कुठं होत असेल तर अशी, की डी कमी आहे हे ओळखून ते भरून काढलं, दुखणं उतरलं आणि पेनकिलर सुटली. ज्यांना डी ची कमतरता खरंच आहे त्यांचं दुखणं कमी होऊ शकतं, पण लगेच नाही, काही आठवडे जातात, तेवढा धीर धरा. मध्ये लागलंच तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरला विचारून, ठरलेल्या डोसातच. शेक, तेल लावणं, विश्रांती हे आहेच. आणि मेडिकलवाल्याकडनं चिठ्ठीशिवाय पेनकिलर मागताना मला शुगर आहे, बीपी आहे, हे तोंडाने सांगा, नाही सांगितलं तर आम्हाला कळायचं कसं. किडनी साफ करणारे काढे आणि कुठलीतरी भस्मं पण यातच मोडतात, आत काय आहे ते लिहिलेलं नसतं, घेऊ नका.

ऊन

सकाळचं कोवळं ऊन चांगलं असतं असं सगळेच सांगतात, आणि फिरायला ते चांगलंच आहे, पण साडेसहा-सातच्या उन्हात डी बनवणारे किरण फार कमी असतात. साधा नियम : उन्हात उभं राहून स्वतःची सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर डी बनतंय. लांब असेल तर जवळजवळ नाही. आपल्या बेळगावकडं एप्रिलमध्ये साडेनऊच्या सुमाराला सावली आखूड व्हायला लागते, डिसेंबरमध्ये मात्र साधारण अकरा ते दोन एवढाच वेळ मिळतो. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता गच्चीवर तापत बसायची गरज नाही, साडेनऊ-दहाला वाळवण घालायला वर गेलात तेव्हाच काम होतंय, थंडीत मात्र जेवणाआधी जरा बाहेर बसा.

हात कोपरापर्यंत, पाय गुडघ्याखाली, मान, एवढं उघडं राहू दे. आपली कातडी सावळी, तिला गोऱ्या लोकांपेक्षा जास्त वेळ लागतो, अर्ध्या तासाच्या आसपास, आठवड्यातनं तीन-चार वेळा, असा अंदाज ठेवा. कातडी लाल होऊन पोळेपर्यंत नाही. खिडकीच्या काचेतनं येणाऱ्या उन्हात बसून काही उपयोग नाही, काच ते किरण अडवते, बसमध्ये खिडकीला बसून धारवाडपर्यंत गेलात तरी. आणि ज्यांची किडनी कमी आहे, लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे, त्यांनी मे महिन्याच्या उन्हात घाम काढून बसू नये, पाणी कमी पडलं तर किडनीलाच त्रास.

आमच्याकडं एक भानगड अशी की जूनपासनं सप्टेंबरपर्यंत ऊन दिसतच नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात तर पावसाळाभर ढग आणि धुकं, तिकडं अथणी-रायबागला त्याच वेळी कोरडं ऊन असतं. त्यामुळं घाटाकडच्या लोकांची लेव्हल दिवाळीच्या आधी सगळ्यात खाली असायची शक्यता जास्त. टेस्ट एकदाच परवडणार असेल तर पावसाळा संपता संपता करा, एप्रिल-मेमध्ये चांगली आली म्हणून ती वर्षभर तशीच राहते असं धरू नका. शेतात राबणाऱ्यांची लेव्हल शहरातल्यांपेक्षा सहसा बरी असते, पण शहापूर-वडगावात मागावर दिवसभर आत बसणारे, शिलाईवाले, दुकानदार, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना उन्हाशी गाठच पडत नाही.

सॅशे घ्यायचंच असेल तर

डॉक्टरनी लिहून दिलं असेल तर. सहसा ६०,००० युनिटचं सॅशे किंवा कॅप्सूल आठवड्याला एक, असं आठ आठवडे, मग महिन्याला एक किंवा रोजचा १,०००-२,००० चा छोटा डोस असं लिहितात, पण ते माणसागणिक बदलतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आठवड्याचं सॅशे रोज घेणं. हे होतं, आणि चांगल्या शिकलेल्या घरातही होतं. चिठ्ठी इंग्रजीत, हॉस्पिटलमधली सिस्टर कन्नडमध्ये सांगते, आजीला मराठीशिवाय काही कळत नाही, बरोबर आलेला नातू फोनवर, आणि बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात म्हणून हेही रोज चालू होतं. हिशोब करून बघा, आठ आठवडे आठवड्याला एक म्हणजे ४ लाख ८० हजार युनिट. तेच रोज घेतलं तर ३३ लाख ६० हजार. एवढ्याने रक्तातलं कॅल्शियम चढतं, आणि ते चढलेलं कॅल्शियम थेट किडनी बिघडवतं. ज्या किडनीसाठी घ्यायला लागला तीच. डी चरबीत साठत असल्यामुळं बंद केल्यावरही उतरायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात.

म्हणून पाकिटं घरी नेल्याबरोबर प्रत्येकावर पेनने तारीख घाला. गुरुवार ठरवला तर सगळ्या गुरुवारच्या तारखा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच तारखांना गोल करा, घेतलं की काट मारा. रोजच्या गोळ्यांच्या डबीत सॅशे ठेवायचं नाही, वेगळं ठेवायचं. मी देताना पाकिटावर मराठीत "आठवड्याला एकच" असं लिहून देते, तुमचा मेडिकलवाला लिहीत नसेल तर लिहून मागा, त्यात लाजायचं काय. घ्यायचं ते दिवसातल्या मोठ्या जेवणानंतर, दुधात किंवा नुसतं, जेवणात थोडं तेल-तूप असलं की चांगलं शोषलं जातं, उपाशीपोटी नको.

दुसरी चूक, एकाच वेळी तीन ठिकाणनं डी. सॅशे एका डॉक्टरचं, कॅल्शियमची गोळी हाडाच्या डॉक्टरची, मल्टिव्हिटॅमिन स्वतःच्या मनाचं. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा किंवा आम्हाला वाचायला सांगा. कॅल्शियमच्या काही गोळ्यांत साधं डी असतं, काहींत कॅल्सिट्रिऑल असतं, अल्फाकॅल्सिडॉल नावाची कॅप्सूलही वेगळी मिळते. ही दोन्ही म्हणजे तयार, जोरदार डी, किडनीचं शेवटचं काम आधीच करून दिलेलं, ०.२५ मायक्रोग्रॅममध्येही असर करणारं. किडनी कमी असलेल्यांना डॉक्टर ते मोजूनमापून देतात, कॅल्शियम तपासत राहतात. शेजारणीला चांगली लागू पडली म्हणून तिची पट्टी दाखवून तीच मागायची गोळी ही नव्हे.

मोठं इंजेक्शन एकदाच घेऊन मोकळं व्हायची पण हौस असते. ऑस्ट्रेलियात वयस्क बायकांना वर्षातनं एकदाच ५ लाख युनिट तोंडाने देऊन बघितलं होतं, २०१० मध्ये निकाल आला, त्यांच्यात पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं. थोडं थोडं घेतलेलंच बरं. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रोजचं ४,००० युनिटच्या वर जाऊ नका.

घ्यायच्या आधी डॉक्टरला हे सांगायचंच : मुतखडा होऊन गेलाय का, टीबी झालेला का, हृदयाची डिगॉक्सिन चालू आहे का, आणि बीपीच्या गोळीच्या नावामागं एच किंवा सीटी असं काही आहे का. त्यात लघवी वाढवणारं जे औषध असतं ते कॅल्शियम अंगात धरून ठेवतं, त्यावर डी आणि कॅल्शियम दोन्ही जोरात चालू केलं तर कॅल्शियम चढू शकतं. म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही हं, फक्त सांगायचं.

तहान फार लागायला लागली, लघवीला सारखं जावं लागतंय, मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ, गुंगल्यासारखं होतंय, तर सॅशे थांबवा आणि रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन लगेच तपासा. तहान आणि लघवी म्हटलं की घरातले शुगरच वाढली म्हणतात आणि शुगर तपासून गप्प बसतात. शुगर नॉर्मल आली तर तर जास्तच लक्ष द्या.

खाण्याचं थोडक्यात

जेवणातनं डी फार मिळत नाही. अंड्याच्या बलकात ४० युनिटच्या आसपास. बांगडा, तारली यांत बऱ्यापैकी, कारवार-गोव्याकडनं मासळी येते ती ताजी खा, सुका बांगडा नको, त्यात मीठ फार. दुधाच्या पिशवीवर निळ्या रंगात प्लस आणि एफ असं चिन्ह असेल तर त्यात डी घातलेलं असतं, लिटरला २०० ते ३०० युनिट, म्हणजे कपभर दुधातनं फार नाही. कॅल्शियमसाठी नाचणी उत्तम, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, खानापूरकडच्या लोकांना आंबील-भाकरी सांगायला नको. गोळीपेक्षा जेवणातनं आलेलं कॅल्शियम मुतखड्याच्या दृष्टीनेही बरं.

किडनीसाठी मीठ बघा. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, एक चहाचा चमचा सपाट. लोणचं, पापड, शेंगाचटणी, ठेचा, वर ताकात मीठ, हे सगळं धरून. आणि गूळ साखरेपेक्षा चांगला म्हणून शुगरवाल्यांनी खाल्ला तर शुगर तशीच चढते. कुंदा आणि करदंट, या आमच्याकडच्या मिठाया, पाहुणे आले की होतंच, ते वर्षातनं काही वेळा, चिंता रोजच्या चार-पाच कप गोड चहाची करा.

एसीआर वाढलेला आला तर

तर डी चा विचार बाजूला ठेवून आधी फिजिशियनकडं जा. बीपी १३०/८० च्या खाली ठेवायचं, त्यासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी गोळी देतात, ती बीपीबरोबर गळणारं अल्ब्युमिनही कमी करते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या शुगरसाठी आल्या, पण किडनीचा आजार पुढं सरकायचा वेग कमी करतात हे मोठ्या ट्रायलमध्ये सिद्ध झालंय, आणि आता जेनेरिक येत असल्यामुळं पूर्वीइतक्या महाग राहिल्या नाहीत. तुम्हाला चालतील का हे डॉक्टर ठरवतील, पण "मला ही लागू आहे का" एवढं विचारायचा हक्क तुम्हाला आहे. शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीने किडनी जाते म्हणून बरेच लोक स्वतःहून बंद करतात, तसं करू नका, ती किडनी बिघडवत नाही, ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की डोस कमी करतात आणि ३० च्या खाली बंद करतात, एवढंच. आकडा दाखवून डॉक्टरकडनं ठरवून घ्या. ईजीएफआर ६० च्या खाली गेलेल्यांना डी बरोबर कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) बघून मगच डोस ठरवतात, त्यांनी सॅशे स्वतःच्या मनाने अजिबात नको.

आठ आठवड्यांचा कोर्स झाला की लगेच दुसऱ्या दिवशी टेस्ट करायला पळू नका. सुरू केल्यापासनं तीन महिने झाले की डी परत बघा, त्याच लॅबमध्ये, आणि रक्त देतानाच कॅल्शियम आणि क्रिएटिनिनही करून घ्या. एसीआर शुगर-बीपीवाल्यांनी वर्षातनं एकदा, वाढलेला असेल तर डॉक्टर सांगतील तितक्या वेळा. जुने रिपोर्ट टाकू नका, एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा, आणि डॉक्टरकडं जाताना त्याच पिशवीत घरातल्या सगळ्या पट्ट्या टाकून न्या, शेजारणीने दिलेलीसुद्धा.